मोहाखालचा वाटेकरी : नागपूरच्या मुलुखातील अस्वल

विदर्भाच्या लोकजीवनात वाघाला आणि नागाला जे स्थान मिळाले, ते अस्वलाला कधीच मिळाले नाही. जंगलालगतच्या गावांच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे असते, तेथे शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडावर कोरलेली वाघाची आकृती पुजली जाते, आणि नागाला तर नागपंचमीचा सण असून प्रत्येक वारूळ हेच त्याचे देऊळ मानले जाते. परंतु तेच वारूळ नखांनी उकरून आतली वाळवी फस्त करणाऱ्या अस्वलाच्या नावाने इतकी सर्वदूर रुजलेली पूजा या मुलुखात दिसत नाही. याचे कारण अस्वल कमी धोकादायक आहे, हे खचितच नव्हे. वाघ गुरे नेतो, क्वचित माणसालाही नेतो, पण माणूस जे खातो ते तो खात नाही; उलट अस्वल नेमके तेच वेचते जे रानात फिरणारी माणसे वेचतात, म्हणजे मोहाची फुले, टेंभरे, चारे, बोरे, जांभळे आणि मध. ज्याच्याशी रोजच्या अन्नावरून गाठ पडते त्याला देव करता येत नाही, तो वाटेकरीच राहतो, आणि या प्रदेशातील अस्वलाचा इतिहास व त्याच्याविषयीच्या कथा-समजुती या वाटेकरीपणाच्या अंगानेच नीट उलगडतात.

नागपूरच्या परिसरात आढळणारे अस्वल हे भारतीय उपखंडातील खास जातीचे आहे. अंगावर लांब, विस्कटलेले काळे केस, छातीवर इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा फिकट पट्टा, पुढे आलेले फिकट रंगाचे तोंड आणि सहा ते आठ सेंटिमीटर लांबीची वाकडी नखे ही त्याची ओळख होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणपणे ८० ते १४० किलोपर्यंत भरते आणि मादी त्याहून हलकी असते. त्याची शरीररचना वाळवीच्या खाद्यासाठी घडली आहे: वरच्या जबड्यातील मधले दोन पुढचे दात नसल्यामुळे तेथे मोकळी फट राहते, ओठ लांब व लवचीक असतात, आणि नाकपुड्या मिटून घेता येत असल्याने फुंकर मारून माती उडवणे व मग जोराने श्वास ओढून वाळवी आत खेचणे त्याला सहज साधते. हा ओढण्याचा आवाज रात्रीच्या शांततेत शे-दीडशे मीटरवरूनही ऐकू येतो. हिमालयातील किंवा थंड प्रदेशातील अस्वलांप्रमाणे ते हिवाळाभर झोपत नाही. पिले साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास खडकांच्या कपारीत किंवा उकरलेल्या बिळात जन्मतात, आणि दोन-तीन महिन्यांनी बाहेर पडल्यावर कित्येक महिने आईच्या पाठीवरील दाट केस धरून प्रवास करतात. पिलांना असे नेमाने पाठीवर वाहणारे अस्वल जगात दुसरे नाही.

या प्राण्याचे युरोपीय नाव मात्र एका चुकीतून जन्माला आले. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने १७९१ साली त्याचे वर्णन केले तेव्हा लांब नखे आणि दातांची विचित्र ठेवण पाहून त्याला ते दक्षिण अमेरिकेतील झाडाला लटकून राहणाऱ्या ‘स्लॉथ’ या मंद प्राण्याचे भाऊबंद वाटले, आणि त्याने त्याचे शास्त्रीय नावही त्याच कुळात घातले. पुढे ही चूक उमगली, १७९३ मध्ये मायर याने ‘मेलुर्सस’, म्हणजे मधाचे अस्वल, हे कुलनाम दिले, तरी इंग्रजीतील ‘स्लॉथ बेअर’ हे नाव टिकले आणि त्याबरोबर आळशीपणाचा ठपकाही टिकला. वास्तविक संकटात सापडल्यावर माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावणाऱ्या या प्राण्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

भारतीय भाषांत त्याची नावे याहून जुनी आणि अर्थपूर्ण आहेत. हिंदीतील ‘भालू’ हा संस्कृत ‘भल्लूक’ या शब्दाशी, तर ‘रीछ’ आणि जुन्या मराठीतील ‘रीस’ हे ‘ऋक्ष’ या वैदिक शब्दाशी जोडलेले आहेत. ऋक्ष म्हणजे अस्वल आणि ऋक्ष म्हणजे ताराही; शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत असे नोंदलेले आहे, आणि त्याच तारकासमूहात प्राचीन ग्रीकांनीही मोठे अस्वलच पाहिले होते. एकमेकांपासून हजारो मैलांवर असलेल्या दोन भाषांनी आकाशातील एकाच आकृतीला एकाच प्राण्याच्या नावाने हाक मारावी, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना दीर्घकाळ विचारात पाडत आली आहे.

विदर्भाच्या दृष्टीने या शब्दाचे महत्त्व आणखी एका संदर्भात आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात राज्य गमावलेला नल दमयंतीला वाटा दाखवतो, तेव्हा अवंती आणि ऋक्षवान पर्वत ओलांडून दक्षिणापथाकडे जाणारे अनेक मार्ग, विंध्य, पयोष्णी नदी, आणि त्यातच विदर्भाकडे जाणारा रस्ता यांचा तो निर्देश करतो. ऋक्षवान हा पुराणांतील सात कुलपर्वतांपैकी एक असून विंध्य-सातपुड्याच्या मध्य भागातील रांगांशी अभ्यासक साधारणपणे त्याची सांगड घालतात. म्हणजे उत्तरेकडून विदर्भात येणाऱ्याला ज्या डोंगरातून वाट काढावी लागे, त्या डोंगराचे नावच ‘अस्वलांचा’ असे होते. दमयंती माहेरी जावी म्हणून नल ज्या वाटेकडे बोट दाखवतो ती वाट अस्वलांच्या रानातून जाते, हे त्या प्रसंगाच्या करुणेत लक्षात येत नाही, पण भूगोलाच्या अंगाने पाहिल्यास विदर्भाच्या वेशीवर हा प्राणी किती पूर्वीपासून उभा आहे याची त्यातून कल्पना येते.

मराठी घरांत अस्वलाचे सर्वांत आदरणीय रूप म्हणजे जांबुवंत. रामायणात तो ऋक्षांचा वृद्ध, अनुभवी नायक असून समुद्र ओलांडण्यापूर्वी हनुमानाला त्याच्या विसरलेल्या सामर्थ्याची आठवण करून देतो. भागवताच्या दशम स्कंधातील स्यमंतक मण्याच्या कथेत तो पुन्हा भेटतो: सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, जांबुवंत सिंहाला मारून मणी आपल्या बाळाला खेळायला देतो, आणि चोरीचा आळ आलेला श्रीकृष्ण शोध घेत त्याच्या गुहेत शिरतो. अठ्ठावीस दिवसांच्या झुंजीनंतर जांबुवंताला आपल्यासमोर कोण आहे हे कळते आणि तो मण्याबरोबर आपली कन्या जांबवती कृष्णाला देतो. भाद्रपद चतुर्थीला चंद्र दिसल्यास येणाऱ्या खोट्या आळाच्या निवारणासाठी ही कथा महाराष्ट्रात दरवर्षी सांगितली व ऐकली जाते. विदर्भाच्या लोकमानसात या कथेला आणखी एक पदर आहे, कारण कृष्णाची पट्टराणी रुक्मिणी ही विदर्भकन्या आणि वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते. त्यामुळे एका घरात भीष्मक राजाची मुलगी आणि ऋक्षराजाची मुलगी सवती म्हणून नांदतात. गुहेत राहणारा, लेकराला खेळणे आणून देणारा, झुंजणारा आणि शेवटी सोयरा होणारा हा जांबुवंत देवापेक्षा नातलगाच्या जवळ जातो, आणि अस्वलाविषयीच्या साऱ्या भारतीय कल्पनेचा सूर या कथेत आधीच लागलेला आहे.

पुराणकथेतून ऐतिहासिक काळात यावे, तर नागपूरचा मुलूख हा वसाहतींनी घडलेला मुलूख आहे हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वस्त्या एकत्र करून नागपूरची पायाभरणी केली, आणि राज्याची जमीन लागवडीखाली यावी म्हणून दूरदूरच्या शेतकऱ्यांना व कारागिरांना बोलावून वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपुरास आणली. १७४३ मध्ये रघुजी भोसले (पहिले) यांनी नागपूर हाती घेतल्यावर मराठी कुणबी, कारकून, शिलेदार यांचा ओघ वाढला. वैनगंगेच्या खोऱ्यात माळव्याकडून आलेले पवार स्थिरावले. रामटेकजवळच्या नगरधनपासून सुरुवात करून भोसल्यांच्या स्वाऱ्यांत भाग घेतल्यावर त्यांना जमिनी मिळाल्या, असा त्यांच्या स्थलांतराचा इतिहास सांगितला जातो. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर भागात कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधून धानाची शेती उभी केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाशी जोडला जातो. या पूर्वेकडील पट्ट्याला ‘झाडी’ म्हणतात आणि तेथे वसलेल्या कुणब्यांना ‘झाडे कुणबी’ असे नाव पडले, म्हणजे ज्या रानात येऊन ते शेतकरी झाले त्या रानाचेच नाव त्यांच्या जातीला चिकटले. अशी वसाहत रिकाम्या जागेवर होत नसते. गोंड, माडिया, कोरकू यांसारखे लोक तेथे आधीपासून राहत होते, आणि त्यांच्याबरोबर अस्वलही होते.

नव्याने वसलेल्या शेतकऱ्याची आणि अस्वलाची गाठ बहुधा रात्री पडे. जंगल तोडून काढलेल्या शेतात ज्वारी, मका, ऊस किंवा भुईमूग उभा राहिला की रानातील प्राण्यांपासून तो राखण्यासाठी ‘जागल’ करावी लागे. शेतात माळा बांधून, शेकोटी पेटवून, टिनाचे डबे वाजवून रात्र काढण्याची ही रीत विदर्भातील जंगलालगतच्या गावांत आजही मोडलेली नाही. रानडुक्कर आणि हरिण हाकेला पळतात. अस्वल मात्र नजर व कान अधू असल्यामुळे, आणि डोके मातीत खुपसून खाण्यात गुंग असल्यामुळे, माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. अचानक जाग आल्यागत ते दचकते, आणि पळण्याऐवजी समोरच्यावर तुटून पडते. गंधज्ञान तीव्र आणि दृष्टी मंद अशा या विषम इंद्रियरचनेतच माणूस-अस्वल संघर्षाचे मूळ आहे, त्याच्या तथाकथित दुष्ट स्वभावात नाही, हे ठसवून सांगण्याची गरज आहे.

१८५३ मध्ये तिसऱ्या रघुजीच्या निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, आणि १८६७ मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे नागपुरात पोचली. रेल्वेबरोबर कापसाची बाजारपेठ आली, नागपूर व वर्धा परिसरातील सपाट जमीन झपाट्याने नांगराखाली गेली, रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी सागवान व इतर मजबूत लाकूड तोडले जाऊ लागले, आणि त्याच वेळी वनखात्याने उरलेल्या जंगलाच्या सीमा आखून त्यातील काही भाग राखीव केला. या राखीव करण्याने झाडे काही अंशी वाचली. अस्वले मात्र वाचली असे म्हणता येणार नाही, कारण शिकार हा त्या राजवटीचा मान्य छंद होता आणि वाघ-बिबट्यांप्रमाणे अस्वल मारणाऱ्यालाही सरकारी बक्षीस मिळत असे. जेम्स फोर्सिथ याचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचे १८७१ चे पुस्तक आणि डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचे १९२३ चे मध्य भारतातील वन्यप्राण्यांवरचे पुस्तक यांत या प्राण्याविषयी बारकाईची निरीक्षणे आहेत. ती मोलाची आहेत, पण ती बंदुकीच्या नळीमागून केलेली आहेत, आणि अस्वलाच्या चिडखोरपणाविषयी त्या काळच्या लेखनात जो ठाम सूर आढळतो तो वाचताना एवढे स्मरणात ठेवावे की हाका करून गुहेतून बाहेर काढलेल्या, जखमी झालेल्या किंवा पिलांसह कोंडलेल्या प्राण्याशी शिकाऱ्याची भेट होत होती.

याच साहित्यातून या अस्वलाचे जगातील सर्वांत लाडके चित्र निर्माण झाले. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याने सातपुड्यातील शिवनी जिल्ह्यावर १८७७ साली पुस्तक लिहिले; नागपूरच्या थेट उत्तरेला असलेला हा जिल्हा रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘द जंगल बुक’साठी निवडला, आणि लांडग्याच्या पिलांना व मोगलीला रानाचे नियम शिकवणारा बालू तेथे अवतरला. त्याचे नावच ‘भालू’वरून आले आहे. किपलिंगने त्याला झोपाळू, तपकिरी आणि मुळे, कवचाची फळे व मध खाणारा गुरुजी म्हणून रंगवले. रंग सोडला तर त्याचा आहार आणि गुण या भागातील अस्वलाशी बरेच जुळतात. शिवनीचे ते जंगल आज पेंच नदीच्या दोन्ही काठांवर राखीव असून त्याचा दक्षिणेकडील भाग नागपूर जिल्ह्यात, देवलापार व सिल्लारीच्या परिसरात येतो. बालूच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या नागपूरच्या कितीतरी मुलांना तो आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवरचा रहिवासी आहे हे ठाऊक नसते, याची खंत वाटते.

कथा-समजुतींकडे वळल्यास प्रथम भेटतात त्या मराठी भाषेतच रुतून बसलेल्या ‘अस्वलाच्या गुदगुल्या’. अस्वल माणसाला मिठी मारून गुदगुल्या करून मारते, हसता हसता त्याचा जीव जातो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि वरून लाडिक पण प्रत्यक्षात जिवावर बेतणाऱ्या वागण्याला त्यावरूनच हे नाव पडले. प्रत्यक्षात अस्वल मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या पंजांनी डोके, चेहरा आणि खांद्यावर वार करते, आणि वारूळ फोडण्यासाठी घडलेली नखे माणसाची कातडी सोलून काढतात. दुरून पाहणाऱ्याला ही झटापट मिठीसारखी आणि नखांची जलद हालचाल गुदगुल्यांसारखी दिसली असणे शक्य आहे. भयाला हास्याचे रूप देणारी ही कल्पना लोकभाषेची स्वतःची निर्मिती आहे. अस्वल आधी डोळे फोडते, ही दुसरी सार्वत्रिक समजूतही अशाच निरीक्षणातून आली असावी, कारण दोन पायांवर उभ्या अस्वलाचा पंजा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर पोचतो आणि वाचलेल्या माणसांच्या जखमा बहुधा तोंडावर असतात.

शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोचलेली दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट इसापाची असून ती या भूमीतील नाही, तरी तिने मराठी मनात एक घातक समजूत रुजवली, ती म्हणजे श्वास रोखून पडून राहिल्यास अस्वल माणसाला मेलेला समजून निघून जाते. इथले अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही, त्यामुळे मेलेला की जिवंत हा प्रश्नच त्याच्यापुढे नसतो. ते धोका दूर करण्यासाठी हल्ला करते आणि पडलेल्या माणसावरही वार करत राहू शकते. पालथे पडून मान व चेहरा हातांनी झाकून घेणे काही वेळा उपयोगी पडते, पण तो गोष्टीतला निश्चिंत उपाय नव्हे.

सर्वांत जुना आणि खोल थर मात्र अस्वल आणि माणूस यांच्या सारखेपणाचा आहे. अस्वलाच्या मागच्या पायाचा पूर्ण तळवा जमिनीवर टेकतो, त्यामुळे ओल्या वाटेवरची त्याची पाऊलखूण अनवाणी माणसाच्या पावलासारखी भासते. ते दोन पायांवर उभे राहते, झाडावर चढते, लेकराला पाठुंगळी घेते आणि सोललेल्या अवस्थेत त्याचे शरीर माणसासारखे दिसते, असे शिकारी सांगत. या सारखेपणातूनच स्त्रीला पळवून नेणाऱ्या अस्वलाची कथा जन्मली, जी हिमालयापासून मध्य भारतापर्यंतच्या डोंगराळ भागांत वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते: अस्वल रानात गेलेल्या बाईला गुहेत नेते, फळे व मध आणून खाऊ घालते, आणि ती पळून जाऊ नये म्हणून तिचे तळपाय चाटून चाटून इतके मऊ करते की तिला चालवत नाही. मोहाची फुले किंवा तेंदूपाने गोळा करायला जंगलात एकट्यादुकट्या जाणाऱ्या स्त्रियांच्या जीवनातील भय या कथेत स्पष्ट दिसते, पण त्याचबरोबर तिच्यातील अस्वल राक्षस नाही हेही लक्षात घ्यावे. ते घर करू पाहते, अन्न आणते. जांबुवंताच्या गुहेत मणी घेऊन खेळणारे बाळ आणि या लोककथेतील गुहा यांच्यात फार अंतर नाही.

अन्नाच्या संदर्भातील एक नोंद याहूनही विलक्षण आहे. मादी अस्वल फणस, कवठ यांसारखी फळे आणि मधाच्या पोळ्याचे तुकडे अर्धवट पचवून बाहेर काढते, ते मिश्रण वाळून गडद पिवळ्या भाकरीसारखे घट्ट होते आणि ती ते पिलांना भरवते, असे निसर्ग-अभ्यासकांच्या लेखनात नमूद आहे. ही ‘अस्वलाची भाकरी’ रानातील काही लोक चवीने खात, असेही सांगितले जाते. ज्या प्राण्याच्या हातची भाकरी माणसाने खाल्ली, त्याच्याविषयीच्या भावनेला केवळ भय हा एकच शब्द पुरत नाही.

शहरातील माणसाला अस्वल भेटले ते मात्र दरवेशाच्या दोरीला बांधलेले. डुगडुगी वाजवत गल्लोगल्ली फिरणाऱ्या दरवेशाला लोक मूल अस्वलाच्या पाठीवर बसवायला सांगत, कारण त्यामुळे मुलाची भीती जाते असा समज होता, आणि अस्वलाचा केस ताइतात घालून लेकराच्या गळ्यात बांधला जाई. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘दरवेशी’ या नोंदीखाली ‘अस्वलवाले’ हे नाव आजही आहे. या खेळामागचे वास्तव क्रूर होते: पिलू मिळवण्यासाठी आईला मारले जाई, लहान वयातच नाकातून तापलेली सळई आरपार घालून वेसण ओवली जाई, सुळे तोडले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यवसाय बेकायदा ठरला, तरी १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत देशभरात सुमारे १२०० नाचवली जाणारी अस्वले आढळली. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने २००२ मध्ये आग्र्याजवळ त्यांच्यासाठी आश्रयस्थान सुरू केले, अस्वल सोपवणाऱ्या कलंदर, म्हणजे अस्वल नाचवणाऱ्या जमातीच्या, कुटुंबांना दुसरा रोजगार उभारायला मदत केली, आणि डिसेंबर २००९ मध्ये भारतातील शेवटचे ज्ञात नाचवले जाणारे अस्वल त्या दोरीतून सुटले. यात दरवेशांना केवळ खलनायक ठरवणे योग्य नव्हे; पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काहीच हाती नसलेल्या माणसांचे ते पोट होते, आणि त्यांच्यासाठी पर्याय उभा राहिला म्हणूनच ही प्रथा संपली.

आज अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळालेल्या प्राण्यांत, मोडते. जगात त्यांची संख्या २०,००० पेक्षा कमी असावी असा अंदाज असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘असुरक्षित’ ठरवले आहे. विदर्भात पेंच, बोर, मेळघाट, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा हे व्याघ्रप्रकल्प, उमरेड-कऱ्हांडला आणि बुलडाण्याचे ज्ञानगंगा ही अभयारण्ये त्याचे आश्रय आहेत. नागपूरकरांना ते जवळून पाहायचे असल्यास जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांसाठी स्वतंत्र सफारी आहे. ताडोबात फेब्रुवारी २०१८ मध्ये पिलासह पाणवठ्यावर आलेल्या मादीने ‘मटकासुर’ नावाच्या नर वाघाशी झुंज घेऊन त्याला मागे हटवले, ते चित्रण देशभर पाहिले गेले. जंगलात नेहमी फिरणाऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण पिलू पाठीवर असताना अस्वल कोणाला वाट देत नाही हे त्यांना ठाऊकच असते.

व्याघ्रप्रकल्पांच्या सीमेबाहेरची परिस्थिती मात्र वेगळी आहे. खडकाळ टेकड्या खाणींसाठी फोडल्या जातात, कपारी नाहीशा होतात, आणि अस्वलाला रस्ता, कालवा व शेत ओलांडूनच एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जावे लागते. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत मोह फुलतो तेव्हा हा संपर्क टोकाला पोचतो. मोहाची रसाळ, गोड फुले रात्री आणि पहाटे गळतात. अस्वले त्यासाठी रात्री झाडाखाली येतात, आणि फुले वाळण्याआधी वा गुरांनी खाण्याआधी गोळा करण्यासाठी बाया आणि मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. मोहफुले विकून, वाळवून, घरात साठवून ठेवून मिळणारा हा हंगाम अनेक आदिवासी कुटुंबांच्या वर्षाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे, त्यामुळे ‘जंगलात जाऊ नका’ असा सल्ला देणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय. उजेड झाल्यावर, गटाने, बोलत-खाकरत जाणे, पिलासह अस्वल दिसल्यास दुसऱ्या वाटेने वळणे, आणि कुत्री सोबत न नेणे, कारण अस्वल मागे लागले की कुत्रे मालकाकडेच पळत येते, हे उपाय रानातल्या माणसांच्या अनुभवातून आलेले आहेत आणि वनकर्मचारीही तेच सांगतात.

अलीकडे काही ठिकाणी मोहाच्या झाडाखाली जमिनीपासून काही फूट उंचीवर हिरवी जाळी बांधण्याची पद्धत सुरू झाली आहे. फुले मातीत पडत नाहीत, त्यामुळे ती स्वच्छ राहून भाव बरा मिळतो, झाडाखालचा पाचोळा जाळावा लागत नसल्याने वणव्याचा धोका कमी होतो, आणि पहाटे अंधारात वाकून वेचण्याची गरज उरत नाही. माणसाच्या बाजूने या जाळीचे फायदे निर्विवाद आहेत. अस्वलाच्या बाजूने मात्र हिशेब अजून मांडला गेलेला नाही, कारण आजवर मोहाचे फूल जमिनीवर पडत असे आणि त्यातला रात्रीचा वाटा अस्वलाचा, पहाटेचा वाटा माणसाचा, अशी न बोलता ठरलेली वाटणी होती. जाळी गावालगतच्या झाडांना बांधावी की जंगलाच्या आतल्या झाडांनाही, आणि आतली किती झाडे मोकळी सोडावीत, हे ठरवताना त्या रात्रीच्या वाटेकऱ्याचाही विचार व्हायला हवा, कारण झाडाखाली काही मिळाले नाही तर तो पुढे ज्या वासाच्या मागे निघेल तो वास घरात साठवून ठेवलेल्या मोहफुलांचा असेल.